सबनीसबाईंचा दोरा

सबनीसबाईंना वारा आणि माणूस यांतला फरक कळायचा. दोऱ्यावर ठेवलेल्या एका बोटानं कळायचा. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्यांनी चार लोकांसमोर तो कळत नाही असं सांगितलं, आणि तेव्हा मी तिथेच उभी होते.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला एक तीन मजल्यांची जुनी बिल्डिंग आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर बाई एकट्या राहायच्या. मी त्यांच्याकडे सात वर्षं लादी, भांडी आणि दुपारची पोळीभाजी केली. बाई घाटकोपरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. अंगानं चिमणीएवढ्या, केस बारीक कापलेले, घरात सुती गाऊन आणि गाऊनच्या खिशात कायम एक भिंग. साठीनंतर त्यांचं ऐकू येणं कमी होत गेलं. मी कामाला लागले तेव्हा कुकरची शिट्टीसुद्धा त्यांना ऐकू येत नव्हती. कानाचं मशीन होतं, पण ते शेवयांच्या डब्यात पडलेलं असायचं. “कानात कुणी टेबलफॅन लावून ठेवल्यासारखं होतं गं,” असं म्हणायच्या. स्वतः मात्र इतक्या मोठ्यानं बोलायच्या, की आमच्याकडे आज दुधी आहे हे खालच्या वॉचमनला कळायचं.

शिट्ट्या त्या हातानं मोजायच्या. ओट्यावर तळहात पालथा ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “तीन. बंद कर.” एकदाही चुकल्या नाहीत. खाली ट्रक वळला, वरच्या टाकीत पाणी चढायला लागलं, समोरच्या फडकेकाकूंनी खलबत्ता काढला, सगळं त्यांना पायांतून, भिंतीतून, खुर्चीच्या दांड्यातून समजायचं. मी काही सांगायला गेले की म्हणायच्या, “आधी बोट ठेव, मग मत दे.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डाळ शिजली का यालाही तेच, आणि माणसं कशी आहेत यालाही तेच.

पहिल्याच दिवशी मी मार खाता खाता राहिले. गॅलरीत जास्वंदीच्या कुंडीपासून ग्रिलपर्यंत कोळ्याचं हे एवढं जाळं होतं. कामाची बाई पहिल्या दिवशी काय करते? कोपरे दाखवते. मी झाडू उचलला आणि एका फटक्यात जाळं खाली आणलं. बाई खुर्चीतून अशा काही ओरडल्या, की फडकेकाकू धावत दारात आल्या.

“अगं भवाने, तिचं घर मोडलंस!”

मला वाटलं नोकरी गेली. पदर तोंडाला लावून उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग झाडू माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, “उद्या सहाला ये. लादी पुसू नकोस. नुसती ये.”

दुसऱ्या दिवशी गेले तर त्याच जागी नवं जाळं. मधोमध ती बसलेली, डोकं खाली, पाय दोन दोन जोडून, मोठी फुली मारल्यासारखी. अंगावर पिवळे पट्टे. “बघ,” बाई म्हणाल्या, “रात्रभरात बांधलं. कुणाकडे तक्रार नाही, काही नाही.” बाई तिला ‘ती’च म्हणायच्या. सुरुवातीला ‘कोळीण’ म्हणाल्या तेव्हा मला वर्सोव्याच्या टोपलीवाल्या बायका आठवल्या आणि हसू आलं. मग आम्ही दोघी तिला फुलीवाली म्हणायला लागलो.

फुलीवालीला नीट दिसत नाही, हे मला बाईंनी सांगितलं. मला खरं वाटेना. एवढे डोळे आणि दिसत नाही? बाई म्हणाल्या, तिचे डोळे नावाला, तिचं सगळं पायांत. पायांच्या सांध्यांजवळ केसाहून बारीक फटी असतात, दोरा हलला की त्या फटी दाबल्या जातात आणि तिला कळतं. मधून निघणारे ते सरळ दोरे, चाकाच्या आऱ्यांसारखे, त्यांच्यावर ती एकेक पाय टेकून बसते. “आता बघ. वारा आला की सगळं जाळं एकदम हलतं. ती जागची उठत नाही. माशी पडली की एकाच बाजूचे दोरे धडधडतात. ती बरोबर तिकडेच पळते. वाळकं पान पडलं तर जाते, हात लावते, तोडून खाली टाकते. वारा आणि माशी यांत ती गफलत करत नाही. केली तर उपाशी मरेल.”

त्यांच्याकडे एक लोखंडी नादकाटा होता, दोन दांड्यांचा, चिमट्यासारखा. तो गुडघ्यावर आपटायचा, की थरथरत राहतो, आणि टोक हलकेच दोऱ्याला टेकवायचं. मी टेकवलं आणि फुलीवाली अशी सरसर धावत आली, की मी नादकाटाच टाकला. बाई पोट धरून हसल्या. पुन्हा टेकवला, पुन्हा आली, पण अर्ध्यात थांबली. तिसऱ्यांदा आलीच नाही.

“एकदा फसते, दोनदा फसते,” बाई म्हणाल्या. “तिसऱ्यांदा ती ओळखते, की हा आवाज खोटा.”

मला जास्त नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एके दिवशी एक चिलट जाळ्यात पडलं आणि गप्प राहिलं. जराही हललं नाही. मला वाटलं, वाचलं. पण फुलीवालीनं काय करावं? मधे बसूनच एकेक दोरा पायानं ओढून सोडायला लागली. एक टिचकी इकडे, एक तिकडे. जिकडून जड उत्तर आलं तिकडे गेली. “विचारते ती,” बाई म्हणाल्या. “कोण आहे म्हणून विचारते.”

या सगळ्याची मला वही ठेवायला लावली त्यांनी. मी म्हटलं, “बाई, मी चौथी. आमच्या गावच्या शाळेत तेवढंच होतं.” त्या म्हणाल्या, “चौथीत अक्षरं काय वेगळी असतात?” मग रोज लादीच्या आधी मी लिहायचे. आज माशी. डावीकडून. धावली, गुंडाळली, खाल्ली नाही. आज नर आला, टिचभर. कडेला उभा राहून दोरा वाजवत राहिला, तीन आणि थांब, तीन आणि थांब. तिनं त्याला येऊ दिलं. बाई संध्याकाळी ते वाचायच्या. शुद्धलेखन कधी तपासलं नाही. एकदा फक्त पानाच्या खाली लिहिलं होतं, ‘हे मला दिसलं नव्हतं. शाबास.’ ते पान मी घरी नेऊन मुलीला दाखवलं होतं.

आता दोऱ्याचं.

दाराची बेल बाईंना ऐकू येत नसे. भाच्यानं दिव्याची बेल आणून दिली, पण पाठ दिव्याकडे असली की ती असून नसून सारखीच. मग बाईंनी फुलीवालीचं बघून स्वतःच सोय केली. पतंगाचा साधा दोरा. एक टोक जाळीच्या दाराच्या फटीतून बाहेर, त्याला एक लाकडी मणी बांधलेला. तिथून पडद्याच्या कड्यांतून ओवत ओवत भिंतीनं गॅलरीजवळच्या खुर्चीपर्यंत, आणि दुसरं टोक बाईंच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला. झोपताना पायाच्या अंगठ्याला. मधे लाकडी दाराच्या कडीलाही एक फेरा दिला होता, म्हणजे दार किल्लीनं उघडलं तरी दोरा सैल पडून बाईंना कळायचं.

बाहेरचा मणी ओढायचा, बस. दूधवाल्याचा एकच हिसका. फडकेकाकूंचा लांब, ओढतच राहणारा. माझे दोन, हलके. मी ते काही ठरवून केले नव्हते. माझा हातच तसा. बाई म्हणायच्या, “तू दाराशीसुद्धा माफी मागत येतेस.” त्यांनी मला किल्ली देऊ केली होती. मी घेतली नाही. दुसऱ्याच्या घराची किल्ली म्हणजे उद्याचं बोलणं, हे मला ठाऊक होतं. किल्ली एकट्या भाच्याकडे.

सोसायटीचे सेक्रेटरी देसाई एकदा वर आले आणि दोरा बघून हसायला लागले. “काय बाई, मांजा लावून बसलात? या वयात पेच लढवताय?”

बाईंनी त्यांचे ओठ वाचले. “पैज लावता?”

“लावा ना.”

बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. देसाईंनी बाहेर जाऊन आम्हा चौघांना एकेक करून मणी ओढायला लावला. मी, फडकेकाकू, वॉचमन, आणि स्वतः. क्रम उलटासुलटा केला. बाई आतून ओरडत होत्या, “वॉचमन. सुमन. देसाई, तुम्ही. पुन्हा देसाई, चोरून! फडके.” सगळी बरोबर. मग देसाईंनी ओठ मिटून मण्यावर नुसती फुंकर मारली. आतून आवाज आला, “हा वारा. बनावट आहे, पण वारा.” देसाईंनी कानाला हात लावले. “बाई, झकास! तुमच्यासमोर सीसीटीव्ही पण झक मारतो.”

तो दिवस मला पुढे फार आठवला.

आणखी एक रीत होती त्या घरात, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. महिनाअखेरीला रद्दी. बाईंचा नियम, वाचल्याशिवाय एक कागद रद्दीत जायचा नाही. मी खाली बसून एकेक उचलायचे, मराठी असेल तर मोठ्यानं वाचायचे. बाईंना ऐकू येत नव्हतंच, त्या माझ्या ओठांकडे बघायच्या. इंग्रजी असेल तर कागद त्यांच्यासमोर धरायचा. त्यांनी मान हलवली तर रद्दी, बोट वर केलं तर कपाट. लाइटबिलाचं पाकीटसुद्धा मी समोर धरायचे. “कंटाळा नाही येत तुला?” त्या विचारायच्या. सात वर्षांत त्यांनी होय म्हटल्याशिवाय माझ्या हातून कागदाचा कपटा बाहेर गेला नाही. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

भाचा श्रीकांत बोरिवलीला राहायचा. बाईंना नात्याचा म्हणून बहिणीचा हा एवढा एकच मुलगा. रविवारी यायचा, येताना खारी नाहीतर केळी आणायचा. वाईट बोलायचा नाही. मला ‘सुमनताई’ म्हणायचा.

एका मंगळवारी मी पोळ्या लाटत होते. बाई ओट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या मानानं हळू आवाजात म्हणाल्या, “काल दुपारी श्रीकांत आला होता.”

“सोमवारी?” मी तोंड त्यांच्याकडे करून विचारलं.

“मी आडवी पडले होते. दोरा सैल झाला. अंगठ्याला कळलं. चपला हातात घेतल्या असणार, पाय वाजले नाहीत. मग कपाट उघडलं, ते जमिनीतून कळलं. थोड्या वेळानं गेला. त्याला वाटलं, म्हातारी झोपलीय.” आणि हसल्या. पण ते हसणं त्यांचं नव्हतं.

“विचारलंत का नाही?”

त्या ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करायला लागल्या. मला त्यांनी मागे एका कोळ्याबद्दल सांगितलं होतं. तो जाळं बांधत नाही. वाळक्या पाल्याच्या तुकड्यासारखा दिसतो. दुसरीच्या जाळ्याच्या कडेला येतो आणि माशी अडकल्यासारखा दोरा वाजवतो. घरधनीण बिचारी आपलं जेवण आलं म्हणून धावत येते, आणि तिचीच शिकार होते. डोंगराच्या बाजूनं आलेला तसा एक मी एकदा ग्रिलवर बघितला होता. त्या दिवशी मला तो आठवला, पण मी पुढची पोळी तव्यावर टाकली. नात्यातलं बोलू नये.

दोनेक महिन्यांनी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. प्रत्येकानं आपल्या जागेचं शेअर सर्टिफिकेट दाखवायचं होतं. बाईंचं कपाटात नव्हतं. सगळं घर उपसलं. मग एका संध्याकाळी देसाई, फडकेकाकू आणि श्रीकांत बाईंच्या घरी बसले आणि मला बोलावलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

श्रीकांत शांतपणे म्हणाला, “हे बघा, मी कुणावर चोरीचा आळ घेत नाहीये. सुमनताई प्रामाणिक आहे. पण चौथी शिकलेली बाई. इंग्रजी कागद, जुना, पिवळा पडलेला. तिला तो आणि पापडाचं पाकीट सारखंच ना. गेला असेल रद्दीत.”

“मी नाही टाकला,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

देसाई माणूस बरा होता. ते बाईंकडे वळले, ओठ नीट दिसतील असं बोलले. “बाई, तुमच्या दोऱ्याला विचारा ना. मधल्या काळात कुणी आलं-गेलं का? किल्लीनं दार उघडलं तरी तुम्हाला कळतं, तुम्हीच म्हणाला होतात.”

बाईंच्या बोटाला दोरा होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

मी आयुष्यात चार माणसांसमोर बोललेली नाही. त्या दिवशी एकच वाक्य बोलले, ओठ नीट हलवून. “बाई, तुम्हीच सांगा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाचलं. मला पक्कं ठाऊक आहे, की वाचलं. मग देसाईंकडे वळून म्हणाल्या, “दोऱ्याचं काय घेऊन बसलात? वाऱ्यानंही हलतो तो. मला कुठे कळतंय आता.”

आणि जरा थांबून, “रद्दी काढायला मीच सांगितलं होतं तिला. गेला असेल. चूक होते माणसाकडून. तिला कुणी रागावू नका.”

न केलेल्या चुकीची त्यांनी मला सगळ्यांसमोर माफी देऊन टाकली. श्रीकांत म्हणाला, “नाही नाही, रागावतंय कोण!” फडकेकाकूंनी सुस्कारा सोडला. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली, कारण हातांना काहीतरी पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. दोन हलके हिसके दिले. बाईंनी दार उघडलं आणि पाठ करून खुर्चीत जाऊन बसल्या. म्हणजे माझे ओठ दिसायला नकोत. मी भांडी घासली, लादी पुसली. निघताना त्या गॅलरीकडे बघतच म्हणाल्या, “सुमन, ही बिल्डिंग पाडल्यावर मला कुठे जायचंय? त्याच्याचकडे ना? माझं शेवटी दुसरं आहे कोण?”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले असते तर त्यांना माझं उत्तर वाचावं लागलं असतं. मी गेले नाही. वही शेल्फवर होती, तीही उचलली नाही. दाराबाहेर पडताना मण्याला हात लागणार नाही एवढी काळजी घेतली.

त्यानंतर मी बाईंकडे कामाला गेले नाही. दहा-बारा दिवसांत त्या बिल्डिंगमधली माझी दुसरी दोन घरंही सुटली. फडकेकाकू म्हणाल्या, “तसं काही नाही गं, पण आमच्याकडेही कागदपत्रं आहेत, यांना टेन्शन येतं.” खालच्या मजल्यावरची सून गमतीनं मला ‘रद्दीताई’ म्हणाली, आणि ते नाव गेटपर्यंत पोचलं. कागद श्रीकांतनं कशाला नेला, हे मला आजही माहीत नाही. कुणी काही म्हणतं, कुणी काही. त्याचा मला राग आहे, पण तो साधा राग आहे. जाळ्याच्या कडेनं आलेल्यानं फसवलं तर त्यात नवल काय. मला लिहायला, वाचायला, बघायला लावलं ते बाईंनी, आणि चार लोकांत ‘हिला वाचता येत नाही’ यावर मान हलवली तीही बाईंनीच. नुसतं ‘आठवत नाही’ म्हणाल्या असत्या, तरी मी आज इतकं लिहिलं नसतं.

शेवटचं बघितलं ते असं. घरं रिकामी करायला आठवडा राहिला होता. फडकेकाकूंनी निरोप धाडला, जुनी पितळी भांडी काढायची आहेत, तुला हवं ते घेऊन जा. मन नव्हतं, पण गेले. दुपारची वेळ. एक पातेलं आणि दोन डबे घेऊन त्यांच्या घरातून निघाले. समोर बाईंचं दार. लाकडी दार उघडं, जाळीचं लावलेलं. मणी तिथेच, दोऱ्याला लोंबत होता.

आत अर्धं सामान बांधून झालं होतं. बाई गॅलरीजवळच्या खुर्चीत, पाठ माझ्याकडे. आणखीच लहान दिसत होत्या. डावा हात दांड्यावर, बोटाला ताणून धरलेला दोरा.

मी पातेलं खाली ठेवलं आणि मण्यावर एक बोट टेकवलं. ओढला नाही. नुसतं टेकवलं.

बाईंचा हात हलला. त्यांनी बोटानं दोरा एकदा ओढून सोडला. टिचकी माझ्या बोटापर्यंत आली. मग पुन्हा एकदा. मी चिलटासारखी गप्प राहिले.

“सुमन?” त्या म्हणाल्या. मान न वळवता, त्याच मोठ्या आवाजात, तीन मजल्यांना ऐकू जाईल असं.

दोन हलके हिसके, एवढंच करायचं होतं. माझ्या हाताला त्याची सवय होती. तो आपणहून निघाला होता, मी त्याला धरला. मग बोट उचललं.

बाई वाट बघत राहिल्या. दोरा बोटाभोवती एकदा गुंडाळला, एकदा सोडला. मग स्वतःशीच, पण मोठ्यानंच म्हणाल्या, “वारा असेल.”

गॅलरीत जास्वंदीपासून ग्रिलपर्यंत जाळं होतं. मधोमध फुलीवाली होती, पहिलीच्या लेकीनातींतली कुणी. उन्हात सगळे दोरे मला दारातून दिसत होते, बाईंना तर हातभर अंतरावरून. त्यातला एकही हलत नव्हता.